गैरहजेरी हा रोग नव्हे, लक्षण

दवाखान्यात औषधांच्या खालोखाल कशाला मागणी असेल, तर ती सर्टिफिकेटला. "डॉक्टर, पोरगं चार दिवस शाळेत गेलं नाही, तेवढं आजारपणाचं लिहून द्या," असे म्हणत पालक येतात. मूल बरोबर असतेच असे नाही. कागद मिळाला की पालकांचे काम होते, शाळेचेही समाधान होते. मूल शाळेत का गेले नाही, हा प्रश्न मात्र तसाच राहतो. आज त्याच प्रश्नाविषयी थोडे बोलू या.

एखाद्या दिवशी मूल शाळेत गेले नाही म्हणून काही बिघडत नाही. घरात लग्नकार्य असते, गावची जत्रा असते, पावसाळ्यात ओढ्याला पाणी येते. काळजी करायची ती वर्षभर थोडे थोडे गैरहजर राहणाऱ्या मुलांची. या सोमवारी नाही, पुढच्या गुरुवारी नाही, महिनाअखेर दोन दिवस नाही. दांड्या सलग नसल्यामुळे त्या कोणाच्या डोळ्यावर येत नाहीत.

याचा हिशेब सोपा आहे. शाळेच्या एकूण दिवसांपैकी दहा टक्के दिवस मूल गैरहजर राहिले, तर ती सततची गैरहजेरी समजावी, असे माप अनेक ठिकाणी वापरले जाते. आपल्या २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० आणि सहावी ते आठवीसाठी किमान २२० दिवस शाळा भरली पाहिजे असे सांगितले आहे. त्याचे दहा टक्के म्हणजे २० ते २२ दिवस, म्हणजेच महिन्याला जेमतेम दोन दिवस! महिन्याला दोन दिवस ही काय मोठी गोष्ट, असे कोणालाही वाटेल. पण ज्या दोन दिवसांत बाईंनी अपूर्णांक शिकवले ते नेमके बुडाले, की पुढचा महिनाभर वर्गात काय चालले आहे ते कळत नाही. कळत नाही म्हणून जावेसे वाटत नाही, आणि गेले नाही म्हणून आणखी कळत नाही. या चक्रात सापडलेले मूल एका दिवसात शाळा सोडत नाही, हळूहळू निसटत जाते. आपल्या लक्षात येते तेव्हा ते आठवीत असते आणि घरात "आता कामाला लाव" किंवा "आता स्थळ बघा" अशी बोलणी सुरू झालेली असतात.

ताप हा रोग नसतो, आत कुठेतरी काहीतरी बिघडल्याचे ते लक्षण असते. गैरहजेरीचेही तसेच आहे. मुलाला रागावून किंवा मारून ताप उतरत नाही, तशी गैरहजेरीही जात नाही. कारण शोधावे लागते. गेली पंचवीसहून अधिक वर्षे तालुक्याच्या गावी दवाखाना चालवताना जी कारणे मला वारंवार दिसली, ती अशी.

सोमवारची पोटदुखी

सकाळी दप्तर भरायची वेळ झाली की पोट दुखू लागते. कधी डोके दुखते, कधी मळमळते. दहा-अकराच्या सुमारास सारे शांत होते आणि दुपारी मूल अंगणात खेळताना दिसते. घरातले म्हणतात, "सोंग करतोय." आजी म्हणते, "नजर लागली असेल."

दोन्ही खरे नाही. जॉन ॲप्ली या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञांनी १९५८ मध्ये एक हजार शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतील साधारण दहांपैकी एका मुलाला पुन्हा पुन्हा पोटदुखी होत होती, आणि अशा बहुतेक मुलांच्या शरीरात कोणताही दोष सापडला नाही. तरीही दुखणे खरेच होते. परीक्षेच्या आधी मोठ्या माणसालाही संडासला लागते, तेव्हा ते सोंग नसते. मनावरचा ताण आतड्याला कळतो, तसेच हे.

चौथीतला एक मुलगा माझ्याकडे आला, तेव्हा त्याच्या वडिलांच्या पिशवीत दोन सोनोग्राफीचे रिपोर्ट, रक्त-लघवीच्या तपासण्या आणि चार डॉक्टरांच्या चिठ्ठ्या होत्या. सगळे नॉर्मल. मी वडिलांना बाहेर बसायला सांगितले आणि त्याला विचारले, "बाळा, रविवारी दुखतं का रे?" नाही. "दिवाळीच्या सुट्टीत दुखलं?" नाही. मग हळूहळू कळले, की कुटुंब जूनमध्ये दुसऱ्या गावाहून आले होते. पाढे म्हणता आले नाहीत म्हणून नव्या शाळेत त्याला बाकावर उभे केले होते आणि मुले हसली होती. तेव्हापासून पोट धरले. त्याला औषधाची गरज नव्हती. वडील शाळेत जाऊन वर्गशिक्षकांशी शांतपणे बोलले. शिक्षकांनी त्याला पहिल्या बाकावर घेतले आणि पाढे घरी पाठ करून घ्यायचे ठरले. दिवाळीनंतर पोटदुखीसाठी तो माझ्याकडे आला नाही.

मुलांना शारीरिक शिक्षा करणे आणि त्यांचा मानसिक छळ करणे याला शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंदी आहे, हे पालकांनीही लक्षात ठेवावे. घरातला मारही त्याच जातीचा असतो.

मात्र प्रत्येक पोटदुखी मनाची असे धरून चालू नका. मूल रात्री झोपेतून पोटदुखीने उठत असेल, वजन घटत असेल, ताप येत असेल, संडासात रक्त पडत असेल, उलट्या थांबत नसतील, किंवा दुखणे बेंबीभोवती नसून एका बाजूला असेल, तर ताबडतोब डॉक्टरांना दाखवा. शिवाय कडक संडास होणे हेही पोटदुखीचे नेहमीचे कारण आहे. सकाळी घाईत मुले संडासला जात नाहीत आणि शाळेतल्या संडासात जायला धजत नाहीत, म्हणून खडा धरतो.

दुखणे मनावरच्या ताणाचे असेल तर एक नियम पाळा. मुलाला लवकरात लवकर शाळेत परत पाठवा. घरी काढलेला प्रत्येक दिवस उद्याचे जाणे अधिक अवघड करतो. सुरुवातीला हवे तर अर्धा दिवस पाठवा, आई-वडिलांपैकी एकाने सोबत जा, पण पाठवा. आणि घरी ठेवावेच लागले तर टीव्ही, मोबाइल आणि दुकानातला खाऊ बंद ठेवा. आजारी मुलाने अंथरुणात पडून राहावे, हा जुना नियम चांगला होता. "एक सलाईन लावा, ताकद येईल" असा आग्रह मात्र धरू नका. अशा मुलाला सलाईनने काहीही होत नाही. उलट, आपल्याला मोठा आजार आहे असे त्याच्या मनात पक्के बसते.

वारंवार सर्दी, की दमा?

"याला सारखी सर्दी होते, महिन्यातून चार दिवस घरीच असतो." असे मूल रात्री किंवा पहाटे खोकत असेल, पळाल्यावर खोकला येत असेल, प्रत्येक सर्दीनंतर पंधरा-पंधरा दिवस खोकला राहत असेल, तर तो दमा असू शकतो. दमा म्हटले की पालक दचकतात, मुलगी असेल तर अधिकच. "पुढं लग्नात अडचण येईल" म्हणून नावच घेऊ देत नाहीत. मग खोकल्याच्या बाटल्यांवर वर्षे जातात.

दम्याचा पंप म्हणजे शेवटचा उपाय, त्याची सवय लागते, हा समज चुकीचा आहे. पंपातून औषध थेट श्वासनलिकेत जाते, त्यामुळे त्याची मात्रा गोळीच्या मानाने फारच थोडी लागते. गोळीचे माप मिलिग्रॅममध्ये, तर पंपाचे मायक्रोग्रॅममध्ये असते. लहान मुलाला पंपाबरोबर स्पेसर नावाची नळी द्यावी, म्हणजे औषध तोंडात न राहता छातीत जाते. रोज घ्यायचा पंप वेगळा आणि धाप लागल्यावर घ्यायचा वेगळा. हा फरक डॉक्टरांकडून नीट समजून घ्या, आणि बरे वाटले म्हणून रोजचा पंप मनाने बंद करू नका. घरात चुलीचा धूर, विडी आणि डासांची कॉइल टाळा. दमा ताब्यात असलेले मूल रोज शाळेत जाऊ शकते, खेळाच्या तासाला धावूही शकते.

मुलींचे चार दिवस

सातवी-आठवीनंतर काही मुली दर महिन्याला ठरावीक तीन-चार दिवस गैरहजर असतात. हजेरीपट उलटला तर हे सरळ दिसते, पण त्यावर कोणी बोलत नाही. महिन्याला तीन म्हटले तरी वर्षाला तीस दिवस होतात. वर सांगितलेल्या मापाच्या कितीतरी पुढे.

आठवीतली अशी एक मुलगी थकवा येतो म्हणून आईबरोबर आली होती. जिना चढताना धाप, चेहरा पांढुरका. तपासणीत हिमोग्लोबिन सात निघाले. या वयात ते बारा तरी हवे. पाळीत सात-आठ दिवस अंगावर जात होते आणि पहिले दोन दिवस दुखण्याने ती उठत नव्हती. आई म्हणाली, "आमचंही असंच व्हायचं, कुणाला सांगितलं नाही." वडिलांचे मत पडले होते, की एवढी दांडी मारते तर शाळेत नाव ठेवून उपयोग काय. रक्तस्रावावर उपचार झाले, लोहाच्या गोळ्या तीन-चार महिने नियमाने घेतल्या, आणि मुलगी शाळेत टिकली. तिच्या बुद्धीत काही कमी नव्हते, कमी होती ती रक्तात.

पाळीच्या वेळी थोडे दुखणे स्वाभाविक आहे, पण शाळा बुडावी इतके दुखत असेल तर सहन करायला सांगू नका. त्यावर साध्या, स्वस्त गोळ्या आहेत. डॉक्टरांना विचारून, जेवणानंतर, दुखणे सुरू होताच घेतल्या तर बहुतेक मुलींना आराम पडतो. पाळी सात दिवसांहून अधिक चालत असेल किंवा दर तासा-दोन तासाला पॅड बदलावे लागत असेल, तर तपासणी करून घ्या.

दुसरे कारण शाळेचे आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली सर्व शाळांत मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे आणि पिण्याच्या पाण्याची सोय करण्याचे आदेश दिले. इमारती बऱ्याच ठिकाणी झाल्या. पण नळाला पाणी आहे का, दाराला आतून कडी आहे का, पॅड टाकायला झाकणाचा डबा आहे का, आणि किल्ली कोणाकडे असते, हे पाहायला हवे. अशी सोय नसली की मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत, आणि मग लघवीच्या जळजळीसाठी आमच्याकडे येतात.

रक्त कमी, पोटात जंत

रक्तक्षय केवळ मोठ्या मुलींचा प्रश्न नाही. पण त्यांच्यात तो किती पसरला आहे, ते पाहा. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी सुमारे ५९ टक्के मुलींत रक्तक्षय आढळला. अशा मुलाला दहा वाजताच पेंग येते, लक्ष लागत नाही, साधी सर्दीही आठवडाभर पाडून ठेवते.

शाळेत आठवड्यातून एकदा लोहाची गोळी देण्याची सरकारी योजना आहे. लहानांना गुलाबी, मोठ्यांना निळी. ती गोळी मुले बाकाखाली टाकतात, हे शिक्षकांना आणि मलाही ठाऊक आहे. उपाशीपोटी घेतली की मळमळते, म्हणून पोषण आहार खाल्ल्यावर द्यावी. संडास काळी होते, त्याला भ्यायचे कारण नाही. जेवणाबरोबर चहा नको, त्याने अन्नातले लोह अंगी लागत नाही. लिंबू, पेरू, आवळा यांनी ते लागते. पालेभाज्या, कडधान्ये, बाजरी, अळिवाचे लाडू हे सारे उत्तम आहे, पण सातचे बारा नुसत्या आहाराने होत नाहीत, त्याला गोळीच लागते.

जंतांचेही तसेच. १ ते १९ वयापर्यंतच्या मुलांना शाळा-अंगणवाडीतून जंतनाशक गोळी देण्याची राष्ट्रीय मोहीम २०१५ मध्ये सुरू झाली. गोळीने अपाय होतो अशी अफवा उठते आणि नेमके त्या दिवशी पालक मुलाला घरी ठेवतात! केनियात १९९८ पासून काही शाळांत मुलांना जंतनाशक औषध देऊन पाहिले, तेव्हा गैरहजेरी सुमारे एक चतुर्थांशाने घटल्याचे मायकेल क्रेमर आणि एडवर्ड मिगेल या अर्थशास्त्रज्ञांनी मांडले. त्या आकड्यांवर तज्ज्ञांत पुढे वादही झाले. पण मुलाच्या पोटात जंत असू नयेत, यावर वाद असण्याचे कारण नाही. गोळीबरोबर संडासनंतर साबणाने हात धुणे आणि पायात चप्पल घालणे हेही आलेच.

डोळे, कान आणि झोप

फळ्यावरचे न दिसणारे मूल बहुधा तक्रार करत नाही, कारण इतरांना किती दिसते हे त्याला माहीत नसते. ते फक्त कंटाळते आणि मागे पडते. पुस्तक नाकाशी धरत असेल, टीव्हीच्या अगदी पुढे बसत असेल, तर डोळे तपासा. कान वाहत असेल तर ऐकू कमी येते. त्यात गरम तेल न घालता डॉक्टरांना दाखवा.

आणि झोप! सहा ते बारा वयाच्या मुलांना ९ ते १२ तास, त्यापुढे अठरापर्यंत ८ ते १० तास झोप हवी. रात्री एकपर्यंत मोबाइल पाहणारा दहावीतला मुलगा सकाळी सातच्या शाळेला उठणार कसा? लहान मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊपूर्वी भरवू नयेत असा निर्णय काढला. शासनाने घड्याळ पुढे केले. मोबाइल रात्री किती वाजता बंद करायचा, हे आपल्या हातात आहे.

किती दिवस घरी ठेवावे?

आजारी मुलाला शाळेत पाठवू नये, हे खरे. पण गरजेपेक्षा जास्त दिवस घरी ठेवण्याची चालही आपल्याकडे मोठी आहे. साधारण नियम असे :

– ताप : औषध न देता २४ तास ताप नसेल तर पाठवावे.
– नुसती सर्दी, ताप नाही : शाळा बुडवू नये. रुमाल द्यावा.
– जुलाब-उलट्या : थांबल्यावर दोन दिवसांनी.
– कांजिण्या : सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत. बहुधा पाच ते सात दिवस. तीन आठवडे नव्हे.
– गोवर : पुरळ उठल्यापासून चार दिवस घरी.
– गालगुंड : सूज आल्यापासून पाच दिवस घरी.
– डोळे येणे : पाणी-चिपडे थांबेपर्यंत.
– खरूज : पहिला उपचार झाल्यावर दुसऱ्या दिवशी पाठवावे. औषध घरातल्या सर्वांनी एकाच वेळी लावावे.
– उवा : शाळा बुडवण्याची गरज नाही.
– दूषित पाण्यातून होणारी कावीळ : डोळे पिवळे झाल्यापासून साधारण एक आठवडा. पुढे भूक आणि ताकद पाहून डॉक्टर सांगतील तसे. महिना-दोन महिने ठेवणे बहुधा अनावश्यक असते.

दवाखान्याबाहेरची कारणे

सगळी कारणे माझ्या टेबलावर येत नाहीत. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, आणि आई-वडिलांबरोबर पोरेही बैलगाडीत किंवा ट्रकमध्ये बसतात. पाडव्याच्या आसपास परततात, तोवर वर्ष संपत आलेले असते. गावी राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे. निघण्यापूर्वीच, म्हणजे दिवाळीआधी, मुख्याध्यापकांकडे त्याची चौकशी करावी. आजी-आजोबांकडे मूल ठेवणार असाल तर त्याचे औषध, लसीचे कार्ड आणि एक फोन नंबर शाळेत देऊन जा. धाकट्याला सांभाळायला घरी ठेवलेली थोरली मुलगी हीसुद्धा गैरहजरच असते. तिच्यासाठी औषध नाही. धाकट्याला अंगणवाडीत घालणे हाच उपचार.

शिक्षकांना आणि पालकांना

शिक्षकांना माझी विनंती आहे, की हजेरीपट हा शाळेचा थर्मामीटर समजा. महिन्यात दोन दांड्या दिसल्या की बोलवा, पण "का आला नाहीस?" असे सर्वांसमोर विचारू नका. "काल तुझी आठवण झाली, बरं आहे ना?" असे बाजूला घेऊन विचारा. प्रश्नाच्या सुरावर उत्तर अवलंबून असते. बुडालेला धडा शेजारच्या मुलाकडून समजून घ्यायची सोय करा. परत येणाऱ्या मुलाला सर्वांत मोठी भीती तीच असते. तीच तक्रार पुन्हा पुन्हा येत असेल तर शाळेत येणाऱ्या आरोग्य तपासणी पथकाला त्या मुलाचे नाव आधीच देऊन ठेवा.

आणि पालकहो, या महिनाअखेर एक काम करा. शाळेत जाऊन आपल्या मुलाची जूनपासूनची हजेरी पाहा आणि ज्या दिवशी ते गेले नाही त्या तारखा कागदावर लिहून घ्या. त्या नेमक्या सोमवारी येतात का, दर महिन्याला ठरावीक अंतराने येतात का, थंडीत वाढतात का, चाचणी परीक्षेच्या आसपास येतात का, ते बघा. मग तो कागद आणि मूल, दोन्ही घेऊन डॉक्टरांकडे या. सर्टिफिकेट लागले तर तेही मिळेल. पण ते सर्वांत शेवटी मागा.